लेसोथोचें रुग्णालय : एका पुस्तिकेचें परीक्षण

गरीब राष्ट्रांत आरोग्यसेवा खासगी कंपन्यांच्या हातीं द्यावी कीं नाहीं, या वादांत लेसोथो या चिमुकल्या डोंगराळ राज्याचें नांव वारंवार निघतें. ऑक्सफॅम या संस्थेनें तेथील ग्राहकसंरक्षण संघाबरोबर २०१४ सालीं काढलेली एक छोटी पुस्तिका त्यास मुख्यतः कारण झाली आहे.

विषय थोडक्यांत असा. राजधानी मासेरू येथील जुनें सरकारी रुग्णालय मोडकळीस आलें होतें. त्याच्या जागीं नवें बांधून तें अठरा वर्षांच्या मुदतीनें चालविण्याचा करार सरकारनें २००८ सालीं त्सेपोंग या कंपनीशीं केला. दक्षिण आफ्रिकेंतील नेटकेअर ही तींतील प्रमुख भागीदार होती. नवें रुग्णालय २०११ सालीं उघडलें. पुस्तिकेचा आक्षेप असा कीं, देशाच्या आरोग्यखर्चापैकीं शेंकडा ५१ एवढी रक्कम हें एकटें रुग्णालय गिळतें, आणि जुन्याच्या निदान तिप्पट खर्च त्यावर होतो. जागतिक बँकेच्या मतें ५१ हा आंकडा फुगविलेला आहे. असेल, तो बराच उतरवून घेतला तरी एका इमारतीसाठीं हा भार जबरच म्हटला पाहिजे.

परंतु पुस्तिकेचें खरें मोल, आमच्या मतें, दुसऱ्याच एका तपशिलांत आहे, व तो शेंकडेवारीच्या गजरांत दबून गेला आहे. करारांत रुग्णांची वार्षिक मर्यादा ठरविली होती : आंतररुग्ण वीस हजार, बाह्यरुग्ण तीन लाख दहा हजार. त्यापुढील रुग्णांचे पैसे सरकारनें निराळे मोजावयाचे! आतां हें रुग्णालय वाईट असतें, तर मर्यादा कदाचित् कधींच ओलांडली गेली नसती. पण तें चांगलें निघालें. तेथें मृत्यूचें प्रमाण जुन्या रुग्णालयापेक्षां शेंकडा ४१ नें घटल्याचें बोस्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं नोंदविलें आहे. या गोष्टीस पुस्तिकेच्या युक्तिवादांत जें स्थान मिळावयास हवें होतें तें मिळालेलें नाहीं. वास्तविक तिनें आक्षेप दुबळा होत नाहीं, उलट अधिकच तिखट होतो. राजधानींत जितके अधिक रोगी बरे व्हावयास येतील, तितकें डोंगरांतील दवाखान्यांच्या वांट्यास कमी येणार. आणि बहुसंख्य प्रजा राहते ती खेड्यांतच.

कंपनी नफा पाहते हें सांगावयास पुस्तिका लागत नाहीं. तो तिचा उघड धर्म आहे. विचारावयाचें तें हें कीं, सही करतेवेळीं सरकारच्या बाजूनें करार वाचणारें कोण होतें? सल्लागार होतें जागतिक बँकेचेंच आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ. आणि तेंच पुढें हा प्रयोग नमुना म्हणून जगापुढें मिरवीत होतें. वधूपक्षाचा सल्लागार वरपक्षाकडून जेवून आला म्हणजे याद्या कशा होतात, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. पुस्तिका येथें बरीच निर्भीड आहे.

पुढें २०२१ सालीं परिचारिकांनीं सरकारी नोकरींतील परिचारिकांइतकें वेतन मागून संप केला. कंपनीनें त्यांच्यापैकीं शेंकडोंना काढून टाकलें, आणि सरकारनें मुदतीपूर्वींच करार संपुष्टांत आणला. त्यानंतर त्या खाटांवरील रोग्यांचें काय झालें, याचाही जमाखर्च पुस्तिकेच्या कर्त्यांनीं तितक्याच चिकाटीनें मांडावयास हवा.