जुन्या व्याकरणातला अनुस्वार

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले. असा ग्रंथ पुढ्यात ठेवून आज कोणी मराठी शिकू लागला, तर पहिली अडचण नावातच उभी राहते. 'भाषेचें' यातला अनुस्वार उच्चारावा की नाही? शिष्ट मराठी तो उच्चारीत नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी १९६२ पासून तो लेखनातूनही गेला. शिकणारा त्यास निर्जीव चिन्ह समजून पुढे जाईल.

आमच्या मते ही घाई होय. आमच्या जोयडा तालुक्यात मराठी व कोकणी शेजारी नांदतात. कोकणी मुखात 'गांव', 'नांव' यांतला नाकातला स्वर अद्याप जिवंत आहे. 'ग्राम', 'नाम' यांतल्या मकाराचा तो अवशेष. पुस्तक 'हाडलें' आणि आंबे 'हाडले', हा भेद कोकणीत कानांना कळतो. जुन्या मराठी लेखनात तो 'आणलें' व 'आणले' असा निदान डोळ्यांना दिसे. आता दोन्हीकडे 'आणले'च. पुण्याच्या विद्यार्थ्याला जो अनुस्वार घोकावा लागे, तो कोकणी घरातल्या मुलास आईकडूनच मिळतो.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नव्हे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात ज्यांची वसाहत होती, त्या पोलिश लोकांच्या भाषेचे लेखननियम १९३६ साली बदलले. त्यापूर्वीच्या पाठ्यपुस्तकात 'मारिया' हे नावसुद्धा निराळ्या अक्षरांनी लिहिलेले आढळते. मात्र शब्दान्तीचा सानुनासिक 'ए' साध्या बोलण्यात बहुधा नुसता 'ए' होऊनही, लिहिताना त्याची शेपटी त्यांनी राखली. आपण चिन्ह सोडले, त्यांनी ठेवले. उच्चार मात्र दोघांचाही सरकला.

जुन्या पाठ्यपुस्तकाचा दोष इतकाच, की आपल्यानंतर काय बदलले हे ते सांगू शकत नाही. ते काम पुनर्मुद्रण करणाऱ्याचे. महामंडळाच्या नियमांत चिपळूणकरांपर्यंतचे गद्य मुळाबरहुकूम छापण्याची सोय आहे, म्हणून दादोबा सुरक्षित आहेत. त्यानंतरची पुस्तके मात्र नव्या लेखनात उतरतात. सामान्य वाचकासाठी ते योग्यच. परंतु व्याकरणे व भाषेची क्रमिक पुस्तके यांना हा न्याय लावू नये, असे आम्हांस वाटते. ती मुळाप्रमाणे छापावीत आणि कोणता अनुस्वार कोठे बोलला जातो, हे प्रस्तावनेत सांगावे. देवळातली जुनी पोथी वाचणाऱ्यांस ती अक्षरे अनोळखी नाहीत. ती पुसली, तर दोन भगिनीभाषांच्या नात्याचा एक लेखी पुरावाच पुसला जाईल.