मोहनम् म्हणजे भूप नव्हे

आयत्या वेळी सुचलेल्या संगीताचा अल्बम करायचा, यात मुळातच एक विसंगती आहे. जे पुन्हा तसे वाजणार नाही म्हणून मोलाचे, तेच पुन्हा पुन्हा ऐकता यावे म्हणून आपण साठवून ठेवतो. ही विसंगती मिटत नाही. पण काय ठेवले आणि काय कापले, यावरून अशा अल्बमची परीक्षा करता येते. इथे मी ती आमच्याच अल्बमची करते आहे.

गेल्या वर्षी मल्लेश्वरममधल्या माझ्या घरी एका कन्नडभाषक मैत्रिणीबरोबर तो केला. ती कर्नाटक पद्धतीने व्हायोलिन वाजवते, मी पेटी. दोघींचेही पोट दुसऱ्याच कामावर चालते. जेवणाच्या टेबलावर एक लहानसा रेकॉर्डर, फोनमधला तंबोरा, आणि आधी काही ठरवायचे नाही एवढाच करार. काही रविवारांत नऊ तासांचे ध्वनिमुद्रण जमले. तबकडीच्या काळात निवडीचा अर्धा भार यंत्रच उचली. १९०२ साली कोलकात्यातल्या एका हॉटेलात गौहर जान गायल्या, तेव्हा जेमतेम तीन मिनिटांत राग उभा करावा लागे. आमच्या रेकॉर्डरला असली सक्ती नव्हती, त्यामुळे सगळी निवड आमच्यावर आली.

पहिली अडचण भाषांतराची होती. ती ज्याला ‘मनोधर्म’ म्हणते त्याला मी ‘उपज’ म्हणते. शब्दकोशात हे दोन शब्द समोरासमोर बसतील, पण त्यांची मुळे वेगळ्या जमिनीत आहेत. उपज शेतातून आलेली. आधी नांगरट, पेरणी, मग जे उगवेल ते. मनोधर्मात मनावर जबाबदारी येते. रागांचेही तसेच. मोहनम् आणि भूप यांचे पाच स्वर तेच, म्हणून अनेक पुस्तके दोघांना एकाच ओळीत मांडतात. प्रत्यक्ष वाजवायला बसले की ती ओळ फाटते.

अल्बममधल्या दुसऱ्या तुकड्यात ती धैवतावर थांबते आणि तो डोलवत राहते. तिच्या लेखी ती मोहनममधली साधी विश्रांती. माझ्या कानाला मात्र संध्याकाळच्या भूपातून सकाळचा देशकार डोकावताना दिसतो. पेटीत तो कंप निघत नाही. सूर दाबला की सरळच वाजतो. म्हणून मी गंधाराकडे उतरते, तिला भूपात परत बोलावल्यासारखी. ती येत नाही. त्या ओढाताणीतून पुढची चार मिनिटे निघाली आहेत आणि अल्बममध्ये सर्वांत जिवंत तीच आहेत. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होते, आणि तिचे हलकेसे ‘भले’ ऐकू येते.

शिट्टी आणि ‘भले’ दोन्ही काढून टाकू, असे तिचे म्हणणे. लॅपटॉपवर ते अवघड नाही. पण दाद हा नुसता आवाज नसतो, पुढची जागा सुचण्याचे ते कारण असते. वसंतराव देशपांडे गाताहेत आणि पेटीवर पु. ल. आहेत, अशा खाजगी बैठकींच्या टेप आपल्याकडे हातोहात फिरल्या. अशा टेपांची प्रत स्टुडिओतल्या रेकॉर्डसारखी नसते, तरी लोक त्या जपतात. समोर कुणीतरी ऐकते आहे हे गाणाऱ्याला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असणे गाण्यात उतरते. ती दाद पुसली तर तान उरेल, तिच्यामागचे निमित्त उरणार नाही. संवादातले हुंकार गाळणारा अनुवादक वाक्ये वाचवतो आणि माणूस गमावतो. तेव्हा शिट्टी राहिली, ‘भले’ही राहिले.

कापायचे काय, हे मला ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ पुन्हा ऐकताना कळले. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचा हा अल्बम १९९३चा. सांता बार्बरामधल्या एका चॅपेलमध्ये तो मुद्रित झाला, आणि त्याआधी दोघांची ओळख जेमतेम तासाभराची होती. त्यातले सौंदर्य मला अनोळखीपणाच्या अदबीत वाटते: एक जण वाक्य संपवेपर्यंत दुसरा खरोखरच वाट पाहतो, कारण पुढे काय येईल ते त्याला माहीत नाही. मैत्रिणींना हे अवघड जाते. मी अर्धी फिरत घेतली की उरलेली ती पुरी करणार, हे दोघींना पाठ असते. आमचा पाचवा तुकडा तसाच आहे. सवाल-जवाब झोकात, लय पक्की, शेवटी दोघी हसतो. घरच्यांना तोच सर्वांत आवडला. त्यात आयत्या वेळी सुचलेले मात्र काहीच नाही. जुन्या सवयी गप्पा मारत बसल्या आहेत.

तो तुकडा मी वगळायला सांगितला. तिला ते लागले. ‘त्यात आपण सगळ्यात खूश होतो,’ ती म्हणाली, आणि ते खरेच आहे. पण तो आनंद आम्हाला ठाऊक आहे म्हणून आम्हाला ऐकू येतो. परक्या कानापर्यंत पोचायला त्याला सुरांत काही घडावे लागते. घरगुती अल्बमला लोक मायेने सवलत देतात. ती कुकरच्या शिट्टीला जरूर द्यावी, सवयीला देऊ नये.

नऊ तासांतून चार तुकडे उरले, एकतीस मिनिटे. पाचवा तिने आपल्या फोनमध्ये ठेवला आहे. परवा बसमध्ये तोच ऐकत होते, असे तिने कळवले.