एका पार्कातल्या दोन गर्द्या

या आठवड्याच्या भागात आम्ही थीम पार्कमधल्या गर्दीवर तासभर बोललो आणि बोलता बोलता एक फिल्म सारखी मध्ये येत राहिली. डिफंक्टलँड या यूट्यूब चॅनेलची, केव्हिन पर्जरर यांनी २०२१ च्या नोव्हेंबरात आणलेली डिस्नेच्या फास्टपासवरची डॉक्युमेंटरी. भाग ऐकला नसेल, फिल्म पाहिली नसेल, तरी पुढचं वाचायला हरकत नाही. पण फिल्म पाहाच. कोणीतरी जवळजवळ पावणेदोन तास फक्त रांगांबद्दल बोलतंय आणि आपण जागचे हलत नाही, असं फार वेळा होत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये मी फिल्मचं नुसतं कौतुक केलं. नंतर एडिट करताना स्वतःचाच आवाज ऐकला आणि वाटलं, अरे, माझी एक तक्रार तर सांगायचीच राहिली. ती नीट सांगायची तर आधी आईची गोष्ट सांगायला हवी.

आई-बाबा पहिल्यांदा अमेरिकेत आले तेव्हाची गोष्ट. आई-बाबा आले की कुठे कुठे न्यायचं याची आपल्या सगळ्यांकडे जवळपास एकच यादी असते: नायगारा, न्यूयॉर्क, ऑरलँडो. ऑरलँडोतल्या एका पार्कासाठी मी तीन आठवडे तयारी केली. गर्दीचं कॅलेंडर बघून दिवस ठरवला, पंधरा-पंधरा मिनिटांचे कप्पे पाडून एक्सेल शीट बनवली. बाबांच्या गुडघ्यांसाठी वेगळी वीस मिनिटं राखून ठेवली होती, ती हिरव्या रंगात. गेट उघडायच्या पाऊण तास आधी आम्ही दारात हजर. साडेदहापर्यंत तीन मोठ्या राइड झाल्या. शीटच्या हिशोबाने आम्ही दहा मिनिटं पुढे होतो.

आणि मग आईला चहा हवा झाला. चहा मिळाला, बरा नव्हता, तरी ती कप घेऊन एका बाकावर बसली. थोड्या वेळात समोरून परेड जाणार होती. मी म्हटलं, "आई, चल ना, परेड चालू असतानाच रांगा कमी असतात." हे खास फॅन लोकांचं ज्ञान. सगळे परेड बघत उभे राहतात तेव्हा आपण राइड गाठायची. आई म्हणाली, "तू जाऊन ये. मी इथे माणसं बघत बसते." बाबा तिच्या शेजारी बसले. मी एकटी गेले. रांगेत चाळीस मिनिटं फोन बघत उभी राहिले, पुढचं एक बुकिंग हुकलं आणि चिडून परत आले.

रात्री हॉटेलवर आईने मावशीला व्हिडिओ कॉल लावला. "अगं, काय गर्दी! जत्राच जशी. इतकी मजा आली!" मी बाथरूममधून मैत्रिणीला मेसेज करत होते: "प्रचंड गर्दी. अर्धा दिवस वाया." दोघी एकाच दिवसाबद्दल सांगत होतो आणि दोघींचा शब्दही एकच होता: गर्दी.

आता फिल्मकडे येते.

फिल्मचा मुद्दा समजायला एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. राइडची क्षमता ठरलेली असते. समजा, एका राइडवर तासाला १,००० माणसं बसू शकतात. रांग एकच असेल आणि तुमच्या पुढे २०० जण असतील तर तुम्ही बारा मिनिटांत आत. आता त्याच राइडवर दुसरी, पासवाल्यांची रांग काढा आणि तासाच्या ८०० जागा तिला द्या. साध्या रांगेसाठी २०० उरल्या. तेच २०० जण पुढे असताना तुम्हाला आता तास लागतो. पासने एकही नवी खुर्ची तयार केलेली नाही. एकाचा वेळ काढून दुसऱ्याला दिला, इतकंच.

डिस्नेने फास्टपास १९९९ मध्ये आणला आणि तो फुकट होता. मशीनमधून चिठ्ठी घ्यायची, चिठ्ठीवरच्या वेळेला यायचं. त्यामुळे आजही अनेक जुने फॅन त्याची आठवण काढून हळवे होतात. सगळ्यांना समान संधी होती, कोणाच्या खिशाला चाट नव्हती, वगैरे. फिल्म या हळवेपणाला शांतपणे सुरुंग लावते. पर्जरर यांनी शेपलँड नावाचं एक काल्पनिक पार्क संगणकावर उभं केलं. निरनिराळ्या आवडीनिवडींची माणसं त्यात सोडली आणि पास असताना काय होतं, नसताना काय होतं, ते पाहिलं. लोकप्रिय राइडच्या साध्या रांगा लांबल्या. ज्यांना पद्धत नीट वापरता येत होती त्यांची चांदी झाली, त्याची किंमत बाकीच्यांनी आपल्या वेळाने मोजली. म्हणजे फुकटच्या काळातही पार्कात दोन वर्ग होतेच. फरक एवढाच की तिथलं चलन पैसा नव्हतं, माहिती होतं.

मला फिल्मचा हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. कारण या चलनाचा भाव पुढे वाढतच गेला. नंतर आलेल्या फास्टपास प्लसमध्ये डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ६० दिवस आधी बुकिंग करता यायचं, इतरांना ३० दिवस आधी. सुट्टीच्या दोन महिने आधी, अमुक दिवशी किती वाजता आपण कुठल्या राइडवर बसणार हे ठरवायचं! फॅनला यात गंमत होती. आयुष्यात एकदाच येणाऱ्या कुटुंबाला मात्र दारात आल्यावर कळायचं की परीक्षा आधीच होऊन गेली आहे. मग २०२१ मध्ये फ्लोरिडात माणशी १५ डॉलरपासून जिनी प्लस सुरू झालं आणि माहितीच्या जोडीला उघडउघड पैसा आला. फिल्म इथे थांबते, प्रकरण थांबत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये प्रीमियर पास आला, सुरुवातीचा दर माणशी ४०० डॉलर, प्रवेशाचं तिकीट वेगळं. त्यात राइडच्या वेळा आधी ठरवाव्या लागत नाहीत. हवं तेव्हा जा, पासवाल्यांच्या दारातून आत शिरा. पंचवीस वर्षांत अभ्यासाची जागा पाकिटाने घेतली.

इथपर्यंत मी फिल्मच्या बाजूने आहे. आता तक्रार.

फिल्मला गर्दी दिसते ती मिनिटांत. शेपलँडमधल्या सगळ्यांना फक्त राइडच हव्या असतात असं नाही, फिल्मने तेवढी काळजी घेतली आहे. पण दिवसाच्या शेवटी हिशोब होतो तो मिनिटांचा आणि राइडचा. कोण किती वेळ थांबला, कोणाला किती राइड मिळाल्या. हा फॅनचा हिशोब आहे. टूरिंग प्लॅन्स ही फॅन लोकांची लाडकी साइट दर दिवसाच्या गर्दीला १ ते १० असा आकडा देते. पार्कात किती माणसं आहेत हे तो आकडा सांगत नाही, मुख्य राइडला किती वेळ थांबावं लागेल यावरून तो ठरतो. माझी एक्सेल शीट याच आकड्यावर उभी होती. आईची गर्दी त्या आकड्यात कुठेच नव्हती. तिच्या समोरून गेलेले बँडवाले, बाबांच्या खांद्यावर झोपी गेलेली मुलं, नऊवारीसारखा काहीतरी घोळदार झगा सावरत पळणारी एक आजी, हे सगळं कुठल्या कप्प्यात टाकणार? आईसाठी गर्दी हाच कार्यक्रम होता. मी तो कार्यक्रम चुकवायची तयारी तीन आठवडे करत होते.

पण म्हणून "रांगांची फिकीर न करणारे साधे लोक सुखी आणि फॅन वेडे" असंही मला म्हणायचं नाही. ते खोटं होईल. कारण दुपारी आईलाही लागलंच. आम्ही तिघं एका रांगेत होतो आणि शेजारच्या मोकळ्या मार्गिकेतून एक कुटुंब सरसर पुढे निघून गेलं. आईने विचारलं, "हे कोण? व्हीआयपी पासवाले का गं?" मी समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे लालबागसारखंच की." आणि मग बराच वेळ गप्प.

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. लालबागच्या राजाला दोन रांगा असतात. नवसाच्या रांगेतून थेट पायांपर्यंत जाता येतं, पण तासन् तास उभं राहावं लागतं. मुखदर्शनाची रांग लवकर सरकते, पण दर्शन लांबून. हा सौदा कळतो. जास्त वेळ द्या, जास्त जवळ जा. दोन्ही रांगेतली माणसं वेळच मोजत असतात. तिसऱ्या, व्हीआयपी दारातून कोणी आत गेलं की मात्र हिशोब मोडतो. तिथे जवळीकही मिळते आणि वेळही द्यावा लागत नाही. दरवर्षी लोक चिडतात ते याच दारावर.

एमआयटीचे रिचर्ड लार्सन यांनी १९८७ च्या एका शोधनिबंधात रांगेतल्या न्यायाबद्दल लिहिलं होतं. मुद्दा थोडक्यात असा की माणसाला रांगेची लांबी जितकी खुपते, त्याहून जास्त खुपू शकतं ते मागून आलेल्याने आपल्याला ओलांडून जाणं. फिल्म साध्या रांगेतल्या माणसाची वाढलेली मिनिटं दाखवते. ओलांडलं जाणं त्या तक्त्यात मावत नाही. आई त्या रांगेत तासभर उभी होती आणि पाय दुखतात असं एकदाही म्हणाली नव्हती. ते कुटुंब पुढे गेल्यावर मात्र पाच मिनिटांत म्हणाली.

आता फॅनबद्दल. आमच्या ओळखीतली एक मुलगी डिस्नेलँडपासून वीस मिनिटांवर राहते. तिच्याकडे वार्षिक पास आहे. ऑफिस सुटल्यावर ती अधूनमधून तिथे जाते, एक चुरो घेते आणि बाकावर बसते. बहुतेक वेळा एकही राइड न घेता घरी येते. "इथे मला कोणी ओळखत नाही, पण मी सगळ्या जागा ओळखते," असं तिने एकदा सांगितलं. परक्या शहरात एकटं राहिलेल्या कोणालाही हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. हिला वेडी फॅन म्हणतात. मला तर ती आईच्याच बाकावर बसलेली दिसते.

गंमत म्हणजे बाकावर बसणाऱ्यांची व्यवसायाला फारशी किंमत नाही. २०२२ मध्ये कंपनीने आपल्या तिमाही अहवालात डिस्नेलँडबद्दल "अनफेवरेबल अटेंडन्स मिक्स" असा शब्दप्रयोग केला. साध्या मराठीत, आलेल्यांची सरमिसळ आमच्या फायद्याची नाही. वार्षिक पासवाल्यांनी हे स्वतःवर घेतलं आणि "अनफेवरेबल" असं छापलेले टीशर्ट घालून फिरू लागले. वारंवार येणारा, थोडं खर्च करणारा, निवांत बसणारा माणूस हिशोबात अडचणीचा. आणि पैसे भरून, घाईघाईने, शीट हातात घेऊन धावणारी मी? मी एकदम फेवरेबल.

म्हणून मला वाटतं की फॅन विरुद्ध अधूनमधून येणारे, हे भांडण चुकीच्या ठिकाणी लागलं आहे. फॅन म्हणतात, या लोकांना काही माहीत नसतं, हे वाटेत मध्येच उभे राहतात, यांच्यामुळे गर्दी होते. अधूनमधून येणारे म्हणतात, हे लोक रोजच येतात, मग आमच्यासाठी जागा कशी राहणार. दोघंही एकमेकांना गर्दी म्हणतात. आणि मधली रांग विकणारा दोघांकडूनही पैसे घेतो. जितकी साधी रांग कंटाळवाणी, तितका तिच्यातून सुटण्याचा भाव जास्त. फिल्म या निष्कर्षाच्या अगदी दारापर्यंत येते. पण तिचं सिम्युलेशन फॅनच्या डोळ्यांनी बघत असल्यामुळे रांगेबाहेर बसलेली माणसं तिला दिसत नाहीत, आणि नेमकी तीच माणसं गर्दीचा दुसरा अर्थ सांगू शकली असती.

डिस्नेलँड १९५५ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी तिथे तिकिटांची पुस्तकं आली आणि ती पद्धत १९८२ पर्यंत टिकली. पुस्तकात मोठ्या राइडची तिकिटं मोजकी असायची आणि छोट्या, संथ राइडची उरायची. ती वाया जाऊ नयेत म्हणून लोक तिकडेही फिरकायचे. ती पद्धत परत यावी असं मी म्हणत नाही, तिच्यातही पैसा होताच. पण तिने एक गोष्ट गृहीत धरली होती: दिवसभरात सगळ्यांनी फक्त मोठ्या गोष्टींच्या मागे धावणं गरजेचं नाही.

संशोधक म्हणून मला हे सगळं लागतं, कारण आम्हीही मिनिटं मोजतो. बसस्टॉपवरची, दवाखान्यातली, व्हिसाच्या रांगेतली. मिनिटं मोजायला सोपी असतात. ती मोजताना शेजारी कोण बसलं होतं हे विचारायचं राहून जातं.

येत्या हिवाळ्यात आई-बाबा परत येतायत. आईने फोनवर विचारलं, "तो बाक असेल ना गं अजून?" मी या वेळी शीट बनवलेली नाही. खोटं कशाला सांगू, एक बनवली आहे, पण फक्त सकाळी अकरापर्यंतची.

तुमच्या घरचे इकडे आले तेव्हा त्यांना कोणती गर्दी दिसली आणि तुम्हाला कोणती? आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. जमलं तर त्यांनाच बोलू द्या.