कथनरचना : चरित्रात्मक कादंबरी व इतिहास

ग्रंथातील आशयाची निवड, क्रम आणि शेवट ठरविणारी मांडणी म्हणजे कथनरचना. कादंबरीत ती उघड दिसते. इतिहासग्रंथात प्रमाणांच्या आड राहते. रणजित देसाई (१९२८–९२) यांची श्रीमान योगी (१९६८) आणि तिला नांदेडचे समीक्षक नरहर कुरुंदकर (१९३२–८२) यांनी लिहिलेली प्रदीर्घ प्रस्तावना यांतून हा भेद विशेष स्पष्ट होतो. विषय एकच, शिवचरित्र; परंतु कादंबरीचा क्रम आयुष्याचा, तर प्रस्तावनेचा प्रश्नांचा. कुरुंदकरांच्या शिवाजीविषयक विवेचनात मोहिमांपेक्षा महसूलव्यवस्था, वतनदारांवरील नियंत्रण आणि रयतेला राज्य आपले वाटणे यांस महत्त्व आहे. ह्याचा निर्णायक पुरावा त्यांना दिसतो तो महाराजांच्या निधनानंतर (१६८०) औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत (१७०७) चाललेल्या लढ्यात. चरित्रात्मक कादंबरी मात्र नायकाच्या निधनापाशी थांबते. तो पुरावा तिच्या चौकटीबाहेर पडतो. आग्र्याहून सुटका प्रसंगात मावते, जमिनीची मोजणी व प्रतबंदी सहसा मावत नाही. हे देसाईंचे वैगुण्य नव्हे, त्या वाङ्‌मयप्रकाराची मर्यादा होय. इतिहासकारही रचनेपासून मुक्त नसतो : राज्याभिषेकापाशी (१६७४) संपविलेला वृत्तांत विजयगाथा ठरतो, तर संभाजीमहाराजांच्या वधापर्यंत (१६८९) नेलेला तोच वृत्तांत शोकात्म होतो. तथापि आपण कोठे व का थांबलो, हे सांगण्याचे बंधन इतिहासकारावर असते, कादंबरीकारावर नसते. त्यामुळे प्रस्तावना ओलांडून थेट कथेकडे वळणाऱ्या वाचकाच्या हाती थोर पुरुष येतो. त्याने उभारलेली राज्यसंस्था अंधूकच राहते.