हौशी रेषा आणि व्यावसायिक चौकट

विज्ञानकथाप्रेमींच्या हौशी नियतकालिकांतील चित्रांकडे व्यावसायिक कलेची उमेदवारी म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. अमेरिकन चित्रकार स्टीव्ह स्टाइल्स (१९४३–२०२०) यांच्या कार्याकडे पाहता हा प्रघात टिकत नाही. सायक्लोस्टाइलच्या मेणकागदावर रेषा टोकदार लेखणीने कोरावी लागे. छायेच्या सूक्ष्म छटा तेथे उमटत नसत. या अडचणीतूनच काटकसरी व विनोदास अनुकूल अशी रेषा घडली. भाषाशास्त्राच्या परिभाषेत, ती स्वतंत्र बोली होती. बिघडलेली प्रमाणभाषा नव्हे.

रिचर्ड लुपॉफ यांच्या संहितेवरील प्राध्यापक थिंटव्हिसल यांच्या यानाची चित्रकथा प्रथम हौशी अंकांतच अवतरली. १९८० मध्ये ती ‘हेवी मेटल’ या व्यावसायिक मासिकात क्रमशः आली व १९९१ मध्ये ग्रंथरूप पावली. एकोणिसाव्या शतकातील अंतराळप्रवासाच्या कल्पनांची ती थट्टा होय. व्यवसायात येताना तिने आपला सूर सोडला नाही. ‘झेनोझोइक टेल्स’मधील जोडकथांत मात्र मार्क शुल्ट्झ यांच्या गंभीर विश्वाशी जुळवून घेणे प्राप्त होते. तेथे रेषा सफाईदार होते, परंतु तिचा मिस्किलपणा दबतो. हा तोटा लहान नव्हे.

ह्यूगो पारितोषिकाचा हौशी चित्रकारांचा विभाग १९६७ साली सुरू झाला. त्याच वर्षीच्या नामांकनांत स्टाइल्स होते. पारितोषिक मिळाले २०१६ मध्ये. मधल्या ४९ वर्षांत व्यावसायिक कामे येत-जात राहिली, परंतु हौशी अंकांसाठी विनामूल्य चित्रे काढणे त्यांनी सोडले नाही.