नाखव्याचा वेश, योद्ध्याची तलवार : मालवणच्या स्मारकाचे तौलनिक वाचन

भूमीवरील योद्ध्याच्या प्रतिमेला घोडा, ढाल, तलवार ही रूढ चिन्हे उपलब्ध असतात. आरमार मात्र जहाजे, बंदरे, तांडेल, खलाशी आणि गलबते बांधणारे कारागीर यांच्या सामूहिक श्रमातून सिद्ध होते. ते एका देहात सामावणे ही आरमारी स्मारकापुढील मूलभूत अडचण होय. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे वाचन या अडचणीच्या संदर्भात उद्बोधक ठरते.

४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते अनावरण झालेला येथील ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याच्या जागी ६० फुटी कांस्यपुतळा घडविण्याचे काम नोएडास्थित शिल्पकार राम सुतार यांच्या संस्थेकडे आले. ११ मे २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचे पूजन झाले. धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे १९२५ मध्ये जन्मलेले सुतार दिल्ली परिसरात स्थिरावले व डिसेंबर २०२५ मध्ये नोएडातच निधन पावले. कोकणच्या सागरी स्मृतीला आकार देण्याचे कार्य अशा रीतीने समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या एका मराठी शिल्पकाराच्या कार्यशाळेकडे गेले. सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा साकारणाऱ्या या कार्यशाळेची भाषा भव्यतेची व राष्ट्रीय पातळीवर सहज कळणारी आहे. मालवणला तीच भाषा अवतरली.

हाती तलवार घेऊन उभा असलेला हा राजा रायगडावर किंवा दिल्लीच्या चौकातही तितकाच शोभला असता. त्याच्या वेशात वा आयुधात आरमाराची वेगळी खूण नाही. त्याचे आरमारीपण स्थळातून येते : समोर अरबी समुद्र आणि कुरटे बेटावर १६६४ मध्ये पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग. म्हणजे मूर्ती जे सांगत नाही, ते भूगोल सांगतो.

अन्यत्र हीच अडचण निराळ्या रीतीने सोडविलेली दिसते. लंडनमधील ट्रॅफल्गार चौक समुद्रापासून दूर आहे. तेथे १८४३ मध्ये स्तंभावर चढविलेल्या नेल्सनची ओळख आरमारी गणवेश आणि पायथ्याशी कोरलेले लढायांचे प्रसंग पटवितात. सेऊलमध्ये १९६८ साली उभारलेल्या सेनापती यी सुन-शिन यांच्या हातीही तलवारच आहे. परंतु त्यांच्या पायाशी कासव-जहाजाची प्रतिकृती आहे. दीव येथील 'खुकरी' स्मारकात तर १९७१ च्या युद्धात बुडालेल्या युद्धनौकेची प्रतिकृतीच केंद्रस्थानी येते. जहाजाबरोबर जलसमाधी स्वीकारणारे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आणि त्यांचे सहकारी तेथे एकाच चिन्हाखाली स्मरले जातात.

मराठी परंपरेत या प्रश्नाचे एक उत्तर पूर्वीच सिद्ध झालेले आहे, आणि तेही राजकोटासमोरच. सिंधुदुर्गावरील श्रीशिवराजेश्वर मंदिर छत्रपती राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये उभारले. तेथील मूर्तीला दाढी नाही. डोक्यावर नावाड्याची टोपी आहे. राजाला नाखव्याचा वेश देऊन त्या मूर्तिकाराने आरमारातील अनामिकांनाही देवघरात स्थान दिले. व्यक्ती आणि समूह यांमधील अंतर एका शिरोभूषणाने मिटविण्याची ही रीत नेल्सनच्या स्तंभाला साधलेली नाही.

पहिला पुतळा कोसळल्यानंतरची चर्चा गंज, वारा, बांधकामाचा दर्जा आणि दोषींचे उत्तरदायित्व यांभोवती फिरली. ती आवश्यकच होती. परंतु पर्यायाचा विचार अधिक उंची आणि अधिक मजबुती यांच्याच परिमाणात झाला. प्रतिमेच्या आशयाचा प्रश्न मागे पडला. नवा पुतळा लाटा-वाऱ्याला तोंड देईल अशा बेताने घडविला गेला. परंतु मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्याला एकाच राजाच्या दोन संहिता भेटतात : मागे राहिलेली साठ फुटांची, आणि पुढे गाभाऱ्यातील लहानशी. होडी वल्हविणाऱ्याला स्वतःची ओळख दुसरीत अधिक सापडते.