बिटरेटच्या पलीकडचा आवाज

स्ट्रीमिंग सेवांची तुलना आपण आकड्यांनी करतो. सीडीवर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट माहिती असते. स्पॉटिफायची कमाल मर्यादा वर्षानुवर्षे ३२० होती. ॲपल म्युझिकने २०२१मध्ये काहीही न गाळणारे ‘लॉसलेस’ रूप आणले. तेव्हा लॉसलेस सरस, असे मीही धरून चाललो होतो.

१९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली केसरबाई केरकरांची भैरवी मी दोन्ही दर्जांत ऐकली. लॉसलेस उजवी वाटली. मग दोन्हींची पातळी सारखी केली आणि फरक जवळजवळ मावळला. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. शिवाय ब्लूटूथ हेडफोन लावले, तर लॉसलेस आवाजही वाटेत पुन्हा आवळला जातो.

खरा फरक एकाच सेवेवरच्या दोन प्रतींत सापडला. एकीत खरखर होती, पण स्वर जिवंत होता. दुसरीत खरखर पुसताना स्वराची धारही पुसली गेली होती. दोन्हींचा बिटरेट मात्र सारखाच.

जुन्या संगीताच्या बाबतीत म्हणूनच माझा आक्षेप आकड्यांच्या मिरवणुकीवर आहे. प्रत कोणत्या तबकडीवरून, कोणी केली, काय पुसले, हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. गाळलेला स्वर कोणताही बिटरेट परत आणत नाही.